चष्म्यातले गाइड

(तृतीय वर्ष, कला)

शीर्षक वाचून एखाद्याला वाटेल, की परीक्षेच्या मोसमात अप्पा बळवंत चौकातून जी गाइडे आपण बगलेत मारून आणतो, त्यांच्याविषयीच हा लेख आहे. तसे नाही, पण अगदीच तसे नाही असेही म्हणवत नाही. मी स्वतः प्रथम वर्षाचे अर्थशास्त्र गाइडावर काढले. गुण साठाच्या वर पडले. दुसऱ्या वर्षी सरांनी मागणीची लवचीकता म्हणजे काय, असे वर्गात सहज विचारले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. ही कबुली आधीच देऊन ठेवते, कारण पुढे ज्या वस्तूबद्दल मी तक्रार करणार आहे, तिचे आणि माझे नाते असे जुने आहे.

वस्तू म्हणजे एक चष्मा. तो मला कळला माझ्या मामेबहिणीमुळे. ताई बारावीनंतर चाकणच्या बाजूला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली. करार अकरा महिन्यांचा. मोटारीच्या अंगभर, आपल्या शरीरातल्या शिरांसारखे, वायरींचे जाळे पसरलेले असते. ते तिथे बांधतात. त्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. एक भला मोठा कलता फळा, त्यावर खुंट्या. खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, ठिकठिकाणी टेप गुंडाळायची आणि टोके प्लॅस्टिकच्या कनेक्टरांत खोचायची. एरवी फळ्यावर आराखडा चिकटवलेला असतो. ताईच्या लाइनवर तो नव्हता. तिथे हजेरी लागली की डोक्यावर चष्मा चढवायचा. मग जी वायर उचलायची तिच्यावर हिरवी खूण दिसे, ती कुठल्या खुंटीवरून न्यायची तिथे बाण दिसे, आणि ज्या छिद्रात खोचायची ते छिद्र चमके. खुणा फळ्यावर नसतच. त्या काचेत असत. शेजारच्या बाईला ताईचे बाण दिसत नसत, तिला तिचे दिसत.

गणपतीत ताई घरी आली. मामांनी पिंपरीला एकतीस वर्षे फिटर म्हणून काढली आहेत, इंजिने जोडण्यात. मुलगी कारखान्यात लागली याचे त्यांना कोण कौतुक! त्यांनी विचारले, "कुठल्या गाडीचा हार्नेस बांधता गं?" ताई म्हणाली, "ते नाही माहीत. हिरवं दिसलं की खोचायचं, लाल झालं की थांबायचं." ती हसली, आम्हीही हसलो. मामा हसले नाहीत.

अकरा महिने संपले. करार पुढे वाढला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या साहेबांनी एक आराखडा पुढे सरकवून विचारले, या कनेक्टरातली सातवी वायर कुठे जाते? ताईला सांगता आले नाही. पहिल्या कारखान्याने दिलेल्या कागदावर तिच्या कामात चूक आढळली नाही, असे स्वच्छ लिहिलेले आहे. ते खरेही आहे. तो कागद आणि ती मुलाखत, या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या बाबतीत खऱ्या कशा असू शकतात, एवढाच माझ्या लेखाचा विषय आहे.

यात दोष चष्म्याचा काय, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. यंत्राला शिव्या घालणे आपल्या कलाशाखेत फार सोपे. 'यंत्रयुग : शाप की वरदान' या विषयावर शापाच्या बाजूने बोलून मी एकदा करंडक आणला आहे, आणि तो आणताना मला यंत्राविषयी काडीचीही माहिती नव्हती.

ताईला सांगितले तेव्हा तिला नवल वाटले, पण हा चष्मा मुळात तिच्याच कामासाठी जन्माला आला. अमेरिकेतल्या बोइंग कंपनीत विमानातल्या वायरींचे जुडगे असेच फळ्यांवर बांधले जात, आणि प्रत्येक प्रकारच्या जुडग्याला निराळा फळा लागे. फळे तयार करा, साठवून ठेवा, आराखडा बदलला की पुन्हा करा! १९९०च्या सुमारास टॉम कॉडेल यांच्या मनात आले, की फळा कोराच ठेवावा आणि आकृती कामगाराच्या डोळ्यांपुढे काचेत उमटवावी. डेव्हिड मिझेल यांच्याबरोबर त्यांनी १९९२ साली त्यावर निबंध लिहिला. त्यांनी या कल्पनेला जे इंग्रजी नाव दिले, त्याला मराठीत 'वाढीव वास्तव' म्हणता येईल. डोक्यावर चढवायचे असे यंत्र त्याआधीच, १९६८ साली, आयव्हन सदरलंड यांनी केले होते; पण ते इतके जड, की छताला टांगावे लागे. पुढे १९९४ साली पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांनी एक रेघ ओढली. एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास, आणि मधला सगळा प्रदेश म्हणजे 'मिश्र वास्तव'. वास्तववाद शिकताना एवढी सुटसुटीत रेघ आमच्या वाट्याला आली असती तर किती बरे झाले असते! असो.

चष्म्यात जादू नाही. त्यावर बारीक कॅमेरे बसवलेले असतात. ते टेबल, भिंत, हात असे सगळे सतत पाहत राहतात, आणि त्यावरून डोके कुठे आहे व कुठे वळले आहे याचा हिशेब क्षणोक्षणी चालतो. कामाच्या जागेवर एक ठरावीक खूण चिकटवलेली असते. ती एकदा ओळखली, की पुढची सारी मापे तिच्यापासून मोजायची. मान वळवली तरी बाण आपल्या जागी स्थिर दिसतो तो यामुळे. मायक्रोसॉफ्टने 'होलोलेन्स' नावाचा असा चष्मा २०१६ साली बाहेर काढला. २०१९ साली दुसरी आवृत्ती जाहीर केली, तिची किंमत साडेतीन हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच लाखांच्या आसपास, आणि वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक. अर्धा किलो डोक्यावर घेऊन आठ तास उभे राहून पाहावे म्हणजे भविष्यकाळाचे वजन कळेल. कामगाराला पायरीपायरीने जोडणी दाखवणारी एक प्रणालीही कंपनीने त्याच्या जोडीला आणली. तिचे नाव काय असावे? 'गाइड्स'! हे वाचले तेव्हा मला एकटीला बसून हसू आले.

आता चष्म्याची बाजू. ती दुबळी नाही. मिशिगन विद्यापीठ नव्हे, पण त्याच राज्यातल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात आर्थर टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या खेळण्यातले ड्युप्लोचे ठोकळे ठरावीक क्रमाने जोडायचे. काहींना छापील पुस्तिका दिली, काहींना सूचना पडद्यावर दाखवल्या, आणि काहींना ठोकळा जिथे बसायचा तिथेच त्याची आकृती दिसेल अशी सोय केली. या शेवटच्या रीतीने चुका ८२ टक्क्यांनी घटल्या. विशेषतः ज्या चुका आधीच्या चुकीतून जन्मतात, त्या फार कमी झाल्या. जोडणीच्या कामात खरी धास्ती त्यांचीच. चौथा ठोकळा एक घर सरकला की चाळिसावा कसा बसणार? लॉकहीड मार्टिनच्या कारागिरांनी ओरायन हे अंतराळयान जोडताना होलोलेन्स वापरला, तो काही हौस म्हणून नव्हे.

आणखीही एक गोष्ट आहे, ती ताईने सांगितली. तिच्या लाइनवर मराठवाड्यातल्या मुली होत्या, बिहारच्या होत्या, ओडिशाच्या होत्या. बाणाला भाषा लागत नाही. पहिल्या दिवशी सकाळी आलेली मुलगी दुपारी हार्नेस बांधत असे. कुणी खेकसत नाही, कुणी हसत नाही.

इथे मामांचा उस्ताद आठवला पाहिजे. उस्तादाच्या हाताखाली शिकण्याविषयी आपण लिहितो ते फार गोड लिहितो. मामांनी पहिली दोन वर्षे पाने धुतले आणि चहा आणला. टॅपेट लावायची वेळ आली, की उस्ताद पाठ करून बसे, म्हणजे पोरांना त्याचे हात दिसू नयेत. मामा तेलाच्या पत्र्यातल्या प्रतिबिंबात बघून टॅपेट लावायला शिकले, असे ते आजही सांगतात. (सांगताना दर वेळी पत्रा थोडा अधिक चकचकीत होतो.) आणि ताईला तर त्या उस्तादाने शॉपच्या दारात तरी उभे केले असते काय? मुलगी आणि फिटर, हा विचारच त्याच्या डोक्यात आला नसता. चष्म्याने तिला पहिल्याच दिवशी फळ्यापुढे उभे केले. उस्तादाच्या काळाबद्दल गळा काढण्याचा अधिकार निदान आम्हा मुलींना नाही.

तेव्हा चष्मा चुका टाळतो, दार उघडतो, हे मी मान्य करते. तो शिकवतो, हे मात्र मला मान्य नाही.

मी मामांना विचारले, तुम्हाला हा चष्मा दिला असता तर? त्यांनी फळीवरून वही काढली. १९८८ सालापासूनची वही आहे ती, तेलाच्या बोटांच्या ठशांनी भरलेली. त्यातले एक पान उघडले. इंजिनाचे हेड म्हणजे वरचे झाकण ब्लॉकवर बोल्टांनी बसवतात, आणि बोल्ट कसण्याचा क्रम ठरलेला असतो. मधल्यापासून सुरुवात करायची, आलटून पालटून दोन्ही कडांकडे सरकायचे, आणि तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. पानावर एक ते दहा आकडे होते. मी म्हटले, "मग हेच चष्मा दाखवील की." मामा म्हणाले, "आकडे तर कंपनीच्या पुस्तकातबी हायेत. तू चादर अंथरताना काय करतेस? मधनं हात फिरवत कडंला जातेस. कडा आधी दाबल्यास तर मधी सुरकुती राहती. हेडचं तसंच. मधनं दबत दबत बाहेर गेलं पाहिजे, न्हाईतर गॅस्केट नीट बसत न्हाई, कुठंतरी गळतं." आणि मग वहीतली शेवटची ओळ दाखवली: पहिले दोन आटे हाताने. पाना लावण्याआधी प्रत्येक बोल्ट बोटांनी दोन फेरे फिरवायचा. आटा नीट धरला नसेल, मध्ये कचरा असेल, तर बोटाला कळते; पान्याला कळेपर्यंत आटा गेलेला असतो.

आता हे चष्म्यात घालता येणार नाही असे मी म्हणत नाही. किती जोर लावला ते मोजणारा पाना चष्म्याला जोडता येतो. 'आधी बोटांनी फिरवा' अशी सूचनाही काचेवर उमटवता येईल. चादरीचे उदाहरणसुद्धा घालता येईल. पण ते घालावे असे कुणाला वाटले पाहिजे ना? बाणाला 'कुठे' एवढेच सांगायचे असते. 'का' हे सांगायला वेळ लागतो, आणि ज्याला 'का' कळले तो उद्या दुसऱ्या इंजिनाचेही हेड बसवतो.

टँग यांच्या प्रयोगात आणखी एक निष्कर्ष आहे. आकृती जागेवरच दिसत असली की जोडणाऱ्याच्या मनावरचा ताण कमी होतो. ठोकळा कुठे येईल याचा हिशेब त्याच्या डोक्याऐवजी यंत्र करते. हे त्यांनी लाभ म्हणून नोंदवले आहे, आणि त्या दिवसापुरता तो लाभच आहे. परंतु तोच हिशेब करता करता माणूस शिकत असतो, त्याचे काय? आणि बाण दाखवणाऱ्याच्या आहारी जाणे ही गोष्ट चष्म्यापेक्षा जुनी आहे. शरीराच्या हालचाली माणूस कसा शिकतो यावरच्या संशोधनाचा सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली एक आढावा घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सरावाच्या वेळी प्रत्येक प्रयत्नानंतर बरोबर की चूक हे सांगत राहिले, तर सराव उत्तम होतो. आणि सांगणे थांबवले की तो ढासळतो, कारण शिकणारा त्या सांगण्यावरच रेललेला असतो. ताईचा कागद आणि ताईची मुलाखत, दोन्ही यात आले. माझे साठ गुण आणि वर्गातले मौनही आले.

कुणी म्हणेल, कारखाना म्हणजे शाळा नव्हे. मालकाला बिनचूक हार्नेस हवा, ताईची प्रगती नको. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि खरे दुखणेही त्यातच आहे. ताईचा करार अकरा महिन्यांचा होता, तो चष्म्याने केलेला नव्हता. पण चष्म्याने तो स्वस्त केला. पूर्वी नवा माणूस हाताशी यायला काही महिने जात. तेवढे महिने त्याच्यावर खर्च केल्यावर त्याला सोडताना मालक दोनदा विचार करी, आणि सोडलेच तर तो माणूस निदान हातात काही घेऊन जाई. आता नवी मुलगी सकाळी येते आणि दुपारी बांधते, तेव्हा जुनीला ठेवायचे कशाला? फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. कामाचे ज्ञान कामगाराच्या डोक्यात राहू न देता ते व्यवस्थापनाने गोळा करावे आणि कामगाराला नेमून द्यावे, हा त्याचा गाभा. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ साली त्यावर कडाडून टीका केली. हे ब्रेव्हरमन स्वतः पूर्वी तांबेकाम करणाऱ्या कारागिरांत काम केलेले होते. टेलरच्या हातात स्टॉपवॉच होते. चष्म्यात ते आतच असते. कुठल्या पायरीला किती वेळ लागला याची नोंद आपोआप होते. ताईला तिचे आकडे कधी दाखवले नाहीत. तिने विचारलेही नाही. ते तिचे आहेत असे तिला वाटलेच नव्हते.

मग करावे काय? चष्मे फोडावेत असे मी म्हणणार नाही. करंडकाचे दिवस गेले. माझे मागणे लहान आहे. चष्म्याला थोडे थोडे गप्प बसता आले पाहिजे. पहिल्या दिवशी प्रत्येक वायरीला बाण असू द्या. शंभराव्या हार्नेसला बाण थोडा उशिरा यावा. तोवर मुलीने स्वतः हात पुढे करावा, आणि हात चुकीकडे वळला तरच लाल दिसावे. पाचशेव्याला फक्त आराखडा दिसावा. यंत्राला हे अवघड नाही; प्रत्येक पायरीचा वेळ ज्याला मोजता येतो, त्याला कोण कितपत शिकले हेही कळते. तेच आकडे मग मालकाबरोबर त्या मुलीच्या हाती द्यावेत, म्हणजे दुसऱ्या दाराशी ती नुसता 'चूक नाही' असा कागद घेऊन उभी राहणार नाही. आणि प्रत्येक पायरीखाली एक ओळ असावी, कारणाची, तिला समजेल त्या भाषेत.

ही ओळ कोण लिहिणार? इथे आपला, कलाशाखेचा, संबंध येतो असे मला वाटते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यालाही कौशल्याचे शिक्षण सांगितले आहे, आणि आपण मात्र आपल्याला कोणते कौशल्य येते म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. मामांनी चादर म्हटले ते कुठल्याही छापील पुस्तिकेत नाही. असे शेकडो मामा या पट्ट्यात निवृत्त होऊन ओट्यावर बसलेले आहेत. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे 'का' ऐकावे, ते सोप्या मराठीत उतरवावे, अभियंत्याने तपासावे. हे काम चांगल्यापैकी मराठी लिहिणाऱ्याचे आहे. 'पहिले दोन आटे हाताने' यापेक्षा चांगले वाक्य या वर्षी माझ्या वाचनात आले नाही.

ते वहीतही राहिले पाहिजे, नुसते काचेत नको. गूगलने असाच एक कामाचा चष्मा काढला होता. त्याची विक्री २०२३ साली बंद केली. होलोलेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ साली थांबवले, आणि २०२७च्या अखेरीनंतर त्याला सुरक्षेच्या सुधारणाही मिळणार नाहीत असे सांगून टाकले आहे. उस्ताद पाठ करून बसत होता हे खरे. पण एखाद्या सकाळी सगळ्या शॉपमधले उस्ताद एकदमच बंद पडले, असे तरी कधी झाले नव्हते.

ताई सध्या घरीच आहे. मामांनी जुन्या बाजारातून एका मोटारीच्या दुरुस्तीचे पुस्तक आणले, त्यात शेवटी वायरिंगचा घडीचा आराखडा आहे. संध्याकाळी दोघे तो जमिनीवर पसरून बसतात. मामा इंजिनवाले, वायरींतले त्यांनाही फारसे कळत नाही. ताई एखाद्या कनेक्टरावर बोट ठेवून म्हणते, ही इथे खोचतात. मामा विचारतात, का? मग दोघे त्या रेघेवरून बोट फिरवत दिव्यापर्यंत, नाहीतर फ्यूजपर्यंत जातात. कधी रेघ मध्येच हरवते, मग मामी जेवायला हाका मारत राहते. पुढच्या महिन्यात ताईची आणखी एका ठिकाणी मुलाखत आहे.